पोलंडचे तातार भाषा विसरले, मग फिनलंडच्यांनी कशी टिकवली?

भटक्या_विमुक्त:
पोलंडमधल्या बियावीस्तोकजवळच्या क्रुशिन्यानी गावात जाऊन आलो, हिरवी लाकडी मशीद आहे, लांबून बघितली तर चक्क चर्च वाटते. तिथले तातार (मूळचे तुर्की कुळातली भाषा बोलणारे लोक) मुस्लिम आहेत पण घरात पोलिशच बोलतात, तातार भाषा कोणालाच येत नाही. आणि फिनलंडमधले तातार हजारसुद्धा नाहीत तरी त्यांची भाषा अजून चालू आहे. असं का?

कोकणी_माणूस:
मशीद चर्चसारखी दिसते कारण बांधणारे सुतार तिथलेच, त्यांना जे बांधता यायचं तेच बांधलं :) भाषेचं म्हणाल तर पोलंड-लिथुआनियात हे लोक सैनिक म्हणून आले, १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईतही होते. बरेचसे एकटेच आलेले, लग्नं तिथल्याच बायकांशी झाली, मग पोरं आईची भाषा बोलणार ना! क्रुशिन्यानी तर १६७९ मध्ये राजा सोबिएस्कीने थकलेल्या पगाराच्या बदल्यात दिलेलं गाव. धर्म पाळायची मोकळीक होती त्यामुळे धर्म राहिला. त्यांच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या बघा, लिपी अरबी आणि आत भाषा बेलारुशियन नाहीतर पोलिश. आपल्या अलिबागकडच्या बेने इस्राएल लोकांसारखंच, धर्म ज्यू आणि घरात मराठी.

सुओमी_ताई:
मी हेलसिंकीत राहते. इथले तातार मिशार (तातारांचीच एक शाखा), रशियातल्या निज्नी नोव्हगोरोदकडच्या खेड्यांतले फेरीवाले, १९व्या शतकाच्या शेवटी फर आणि कापड विकत विकत इकडे आले. धंद्यात जम बसला की गावाकडून बायको, भाऊ, पुतणे सगळ्यांना बोलावून घ्यायचे. १९२५ मध्ये स्वतःची धार्मिक संस्था रजिस्टर केली, १९४८ ते १९६९ हेलसिंकीत त्यांची शाळाही होती. भाषा वर्गात बसवून शिकवली म्हणून राहिली, नुसत्या घरातल्या बोलण्यावर राहिली नसती असं माझं मत.

जरा_थांबा:
दोघांचं पटतंय पण काळाचा हिशोब कोणीच करत नाहीये. पोलंडवाल्यांना सहाशे वर्षं झाली, फिनलंडवाल्यांना दीडशेच्या आसपास. हेलसिंकीतही आता बाहेर लग्नं होतातच, त्यामुळे बरोबरी करायची तर अजून चारशे वर्षांनी करा. बाकी भटक्या, बोहोनिकीला गेला नसाल तर पुढच्या वेळी जा, तिथेही लाकडी मशीद आहे आणि कब्रस्तान बघण्यासारखं आहे. आणि पेरेकाचेव्निक खाल्लं की नाही? पातळ पोळ्यांचे थर, आत मटण, गोल गुंडाळून भाजलेलं. भाषा गेली पण हे काही सोडलं नाही त्यांनी.