डिलनने आता घरी बसावं म्हणे! सातपूरकरांच्या पोस्टला उत्तर

गोदाकाठ:
सातपूरकरांची परवाची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ते मुलाकडे लंडनला गेले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलला अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा कार्यक्रम पाहिला आणि निकाल देऊन टाकला की 83 वर्षांच्या माणसाने आता घरी बसावं. का, तर गाणी ओळखू आली नाहीत, शब्द कळले नाहीत, तो प्रेक्षकांशी बोलला नाही आणि दारातच मोबाइल पिशवीत घालून कुलूप लावलं. शेवटचं वाक्य होतं, 'पैसे घेऊन केलेला अपमान.'

डिलनच्या त्याच मुक्कामात, त्याच हॉलमध्ये, वेगळ्या रात्री मीही होतो. त्यामुळे गप्प बसवत नाही.

गाणी ओळखू येत नाहीत ही तक्रार आजची नाही. 1965 ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्याने इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घातली तेव्हाही लोक चिडले होते. 1966 ला मँचेस्टरमध्ये एकाने भर कार्यक्रमात 'ज्यूडास', म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, म्हणून शिवी हासडली. 1979 ला सॅन फ्रान्सिस्कोत रात्रीमागून रात्री फक्त नवी भक्तिगीतं गायला, जुनं एकही नाही, आणि वर्तमानपत्रांनी सोलून काढलं. म्हणजे 25 व्या वर्षीही हा माणूस लोकांना हवं ते देत नव्हता. 83 व्या वर्षी देईल ही अपेक्षा कशाच्या जोरावर? आणि या दौऱ्याला नावच 2020 च्या अल्बमचं होतं. निम्म्याहून जास्त गाणी त्यातली असणार हे उघड होतं.

मी काय पाहिलं ते सांगतो. पियानोमागे अर्धा उभा, अर्धा बसलेला माणूस. आवाज खरखरीत, पण मधेच एखादा शब्द असा लांबवायचा की मागचा ड्रमवाला थांबून त्याच्याकडे बघायचा. 'डेसोलेशन रो' 1965 चं गाणं. सिंड्रेला, ओफेलिया, रॉबिन हूडच्या वेशातला आईन्स्टाईन, सगळी वरात त्यात आहे. त्याचा सरळ अर्थ साठ वर्षांत कुणाला लागलेला नाही. त्या रात्री ते इतकं पळवलं होतं की दोन कडवी गेल्यावर मला गाणं कळलं, आणि कळलं त्या क्षणी अंगावर काटा आला. पाठ असलेलं गाणं मी पहिल्यांदा ऐकत होतो. ज्याने गाणं लिहिलंय त्याला ते मोडून पुन्हा बांधायचा हक्क नाही, तर कुणाला आहे? आपल्या आठवणी जशाच्या तशा वाजवून दाखवायला तो बांधील नाही.

सातपूरकर:
एवढं लांबलचक उत्तर लिहिलंत, पण मी जे म्हटलं त्याला हातच लावला नाहीत.

न्यूपोर्ट-मँचेस्टर मला सांगू नका. कॉलेजात असताना मित्राच्या भावाने परदेशातून आणलेल्या कॅसेटची कॉपी, तिची कॉपी, अशी खरखरणारी कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेला माणूस आहे मी. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ वहीत उतरवली आहे. ती वही अजून कपाटात आहे.

अर्थ लागत नाही अशी माझी तक्रार कधीच नव्हती. चाळीस वर्षं न लागलेल्या अर्थासकट मी त्याच्यावर प्रेम केलं. माझी तक्रार शब्द ऐकू न येण्याची आहे. नोबेल कशाचं मिळालं 2016 ला? साहित्याचं. मग ज्याचं सगळं वैभव शब्दांत, त्याचे शब्दच माझ्या खुर्चीपर्यंत पोहोचले नाहीत तर मी तिथे काय पाहिलं? पियानोमागचे केस. नोबेलच्या व्याख्यानात स्वतःच म्हणाला ना, की गाणी वाचायसाठी नसतात, गाण्यासाठी असतात? मग गा. चावून गिळू नको.

आणि दोन तासांत 'नमस्कार लंडन' नाही की 'धन्यवाद' नाही. आमच्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं पोरगंसुद्धा वाकून नमस्कार करून जातं.

सिडको_स्वाती:
बाकी वाद तुमचा चालू द्या, पण मोबाइल कुलूपबंद केले याबद्दल त्या माणसाचे पाय धरावेत. गेल्या दिवाळीत पहाटेच्या मैफिलीला गेले होते. साडेचारला उठून, थंडीत शाल गुंडाळून. गायिकेने भटियार राग लावला आणि माझ्या पुढच्या रांगेत सात-आठ उजळ पडदे वर. एक बाई व्हिडिओ कॉलवर बहिणीला मैफल दाखवत होत्या, वर 'आवाज येतोय का' विचारत होत्या. मी विनंती केली तर म्हणाल्या, 'तुम्हाला काय त्रास आहे?' काय त्रास आहे! गाणं ऐकायला आलेय, तुमची बहीण बघायला नाही.

सातपूरकर, मोबाइल नव्हता म्हणूनच ती रात्र तुम्हाला इतकी बारकाईने आठवते आहे. हातात असता तर अर्धा कार्यक्रम तुम्ही पडद्यातूनच पाहिला असता.

सातपूरकर:
मला शुगर आहे, घरी वृद्ध आई आहे. दोन तास फोन बंद म्हणजे जीव टांगणीला. हे सोयीचं नसतं प्रत्येकाला.

पंचवटीकर:
गोदाकाठ यांच्याशी सहमत. शब्द कळलेच पाहिजेत हा हट्ट आपल्याला कुठून लागला? पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेत जा. टाळ-मृदंगाच्या गजरात कुठल्या दिंडीतले शब्द सुटे ऐकू येतात? ज्ञानोबांची कूटं, म्हणजे कोड्यासारखे अभंग, सातशे वर्षं गातोय आपण, निम्म्यांचा अर्थ सांगताना महाराज मंडळींमध्ये एकमत नाही. म्हणून कुणी गायचं थांबवलं? वडील दरवर्षी चालत जायचे, त्यांना एका ओळीचाही अर्थ विचारलेला आवडायचा नाही. म्हणायचे, 'आधी म्हण, मग विचार.'

देवळालीगाव:
बराच वेळ वाचतोय, आता बोलतो.

लाखभर खर्चून लंडनला जाऊन म्हातारा गीतकार ऐकला, त्यावर एवढा मोठा धागा. चांगलंय. पण याच नाशकात एक म्हातारा गीतकार होता, त्याला ऐकायला तुमच्यापैकी कोण गेलं होतं? वामनदादा कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईला गिरणीत राबला, मोठेपणी अक्षरं शिकला आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत, गात गावोगाव फिरला. 15 मे 2004 ला इथेच नाशकात गेला. डिलनला लोकगीतांचा वारसदार म्हणताना तुमचा ऊर भरून येतो. आमच्या वस्तीत त्याची गाणी पाळण्यापासून मयतापर्यंत म्हणतात, आणि कॉलेज रोडला नाव घेतलं तर विचारतात, 'कोण, ते भीमगीतवाले?'

मी शाळेत होतो तेव्हा ऐकलंय त्यांना, एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात. रस्त्यावरच स्टेज, डांबर दिवसभराच्या उन्हाने अजून गरम, हॅलोजनभोवती किडे. हार्मोनियमचा एक सूर अडकायचा तर वाजवणारा बोटाने पट्टी उचलून वर काढायचा. दादा तेव्हा थकलेले होते, आवाज मधेच तुटायचा. पण तुटला की समोरची अख्खी गल्ली पुढची ओळ उचलायची. बाया, पोरं, पानटपरीवाला. एक शब्द वाया गेला नाही. म्हातारा गीतकार असा ऐकायचा असतो.

सातपूरकर:
अहो, मी हेच तर म्हणतोय! आवाज गेला तरी वामनदादांचे शब्द पोहोचले. मग अडचण म्हातारपणाची नाही, गायकाच्या मनात ऐकणारा आहे की नाही याची आहे.

गोदाकाठ:
देवळालीगाव, वामनदादांबद्दल आदर आहेच. पण इथे विषय डिलनचा होता. प्रत्येक गोष्टीत वस्ती आणि कॉलेज रोड आणायची गरज आहे का? एका कलावंतावर प्रेम केलं म्हणजे दुसऱ्याचा अपमान होत नाही.

देवळालीगाव:
'आदर आहेच.' आदर असतो तेव्हा एखादं गाणं येतं. सांगा, दादांचं एक गाणं पूर्ण म्हणता येतं? डिलनचं अकरा मिनिटांचं पाठ आहे तुम्हाला, त्यातली पात्रंसुद्धा मोजून दाखवलीत.

आणि मी काही 'आणलं' नाही. ते होतंच, तुम्हाला दिसत नव्हतं. डिलन कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी गायला, 1963 च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात गायला, हे तुम्ही लोक अभिमानाने सांगता. तिथला अन्याय इथून स्पष्ट दिसतो, आणि सिन्नर आपल्यापासून तीस किलोमीटर आहे.

पंचवटीकर:
भाषा जरा सांभाळून. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण?

देवळालीगाव:
ज्यांना लागलं ते.

सिडको_स्वाती:
पंचवटीकर, भाषेचं नंतर बघू. ते जे म्हणतायत त्याला उत्तर आहे का कुणाकडे? मी नाशकात वाढले, कुसुमाग्रजांच्या कविता शाळेत पाठ केल्या, त्यांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हाच्या घरातल्या आनंदाच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. वामनदादा हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीला लागल्यावर, डब्याच्या वेळी, सोबतच्या ताईंकडून. त्या गुणगुणत होत्या. चाल इतकी सोपी की संध्याकाळी बसमध्ये माझ्याही तोंडात. त्यांना विचारलं कुणाचं, तर माझ्याकडे बघतच राहिल्या.

इंदिरानगर_साउंड:
मी लग्नापासून नाटकापर्यंत साउंडचं काम करतो, म्हणून मूळ मुद्द्यावर दोन गोष्टी.

एक: अल्बर्ट हॉल लंबगोल, वर प्रचंड घुमट, 1871 चा. प्रतिध्वनीसाठी पहिल्या दिवसापासून कुप्रसिद्ध. 1969 मध्ये छताला फायबरग्लासच्या तबकड्या टांगल्या तेव्हा कुठे आवाज काबूत आला. तरी वरच्या गॅलरीत आणि खाली ऐकू येतं यात फरक पडतोच. सातपूरकर, तुम्ही कुठे बसला होतात?

दोन: शब्द कळतो तो व्यंजनांवर. क, त, स, च ही वरच्या पट्टीतली बारीक ऊर्जा असते, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर. म्हातारपणी श्वास कमी पडतो, जीभ-ओठ ढिले होतात, आधी व्यंजनं जातात, स्वर राहतात. त्यात हा माणूस शब्द ठेक्यावर टाकत नाही, मागे-पुढे टाकतो. कानाला पुढचा शब्द कधी येणार याचा अंदाजच लागत नाही. मिक्सरवर कितीही वर केलं तरी जे तोंडातून निघालंच नाही ते मला आणता येत नाही.

देवळालीगावचं म्हणणं तिसरंच आहे आणि तेच खरं आहे. समोरच्यांना शब्द पाठ असले की साउंडवाल्याचं काम संपतं. जयंतीच्या कार्यक्रमात मी अनुभवलंय. माइक बंद पडला तरी कुणी मागे वळून शिव्या देत नाही, गाणं चालूच असतं.

सातपूरकर:
वरच्या गॅलरीत होतो. मुलाने तीच तिकिटं काढली, खालची परवडणारी नव्हती.

बरं, हॉलचं मान्य. थोडंसं मान्य. पण ठेक्याच्या मागे-पुढे शब्द टाकायचे हे त्याने स्वतः ठरवलंय, ते घुमटाने केलेलं नाही. आणि न बोलण्याचं तर कुणीच उत्तर दिलं नाही.

गोदाकाठ:
न बोलण्याचं उत्तर शेवटच्या गाण्यात होतं. 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड', 1981 चं. त्याने हार्मोनिका तोंडाला लावली आणि तुम्ही वर होतात, मी खाली होतो, माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ उघड उघड रडत होते. 'धन्यवाद लंडन' म्हणून त्यात काय भर पडली असती? काही माणसं बोलायचं ते गाण्यातच बोलतात. त्यांच्याकडून सूत्रसंचालन मागू नये.

त्या गाण्यात शब्द पोहोचले का? पोहोचले. माझ्यापर्यंत तरी.

सातपूरकर:
हो. ते एक गाणं पोहोचलं. वरपर्यंत. बायको म्हणाली, हे छान होतं.

पण बाकीच्या रात्रीबद्दलचं एक अक्षर मी मागे घेत नाही.

गोदाकाठ:
नका घेऊ. 'घरी बसावं' एवढं मात्र घ्या. ज्याचं एक गाणं वरच्या गॅलरीत पोहोचतं, त्याने ते गायला कुणाची परवानगी मागायची?

देवळालीगाव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पूर्ण एकही येत नाही. दादांच्या स्वतःच्या आवाजातलं काही मिळेल का? दुसऱ्यांनी गायलेलं नको, त्यांचंच हवंय. तुटलेल्या आवाजातलं असलं तरी.

देवळालीगाव:
वडिलांकडे कॅसेट आहेत, जयंतीच्या कार्यक्रमांत टेप समोर ठेवून घेतलेल्या. मोटारींचे हॉर्न, पोरांचा गोंगाट, सगळं आहे त्यात. कॅसेट हाताबाहेर देणार नाही, वडील देऊही देणार नाहीत. घरी येऊन ऐका. टेप बिघडलाय, चालू टेप कुणाकडे असेल तर तो घेऊन या.

इंदिरानगर_साउंड:
माझ्याकडे चांगला डेक आहे, हेड साफ करून आणतो. जुनी टेप आधी एकदा हाताने फिरवून सैल करावी लागेल, नाहीतर तुटेल. मी येईपर्यंत कुणी लावू नका.

सातपूरकर:
रविवार असेल तर मी पण येतो. वही घेऊन येतो.