गुडघ्याखाली पाय गेलाय, परत पळता येईल का?

धाकट्याची ताई: भाऊ फौजेत, माइनवर डावा पाय गेला, ८ महिने झाले. इथल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून पाय बसवलाय, घरात मस्त चालतो पण आता एकच धोशा, सिंहगड चढायचाय आणि पळायचंय. आई घाबरते. जमतं का हो?

माजी फौजी, खडकी: ताई, गुडघा शाबूत आहे ना, मग अर्धी लढाई जिंकली. मेजर डी. पी. सिंग १९९९ च्या कारगिलमध्ये जखमी झाले, पाय कापावा लागला, तरी ब्लेडवर (पळण्यासाठीचा वाकड्या पट्टीसारखा कृत्रिम पाय) हाफ मॅरेथॉन पळले. पण ब्लेड लगेच नको, आधी कंबर-मांडीची ताकद, एका पायावर तोल, मग उतार. चढण्यापेक्षा उतरताना जास्त वाट लागते, त्यामुळे आधी पर्वती उतरून बघू दे!

फिजिओ: सॉकेट (कृत्रिम पायाचा वाटीसारखा भाग, ज्यात उरलेला पाय बसतो) बघा आधी. स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, पहिल्या वर्षभरात बारीक होत जातो, सॉकेट सैल पडतं आणि घासून जखमा होतात, मग पोरं हट्टाने तसंच चालतात (फौजी ऐकतात कुठे!). स्टंपवरचे मोजे वाढवूनही सैल लागलं तर नवीन सॉकेट मागा. रोज रात्री आरशात स्टंप बघायचा, लाली उतरत नसेल तर कृत्रिम पाय काढून ठेवायचा.

धाकट्याची ताई: आरशाचं माहीतच नव्हतं, थँक्यू. पर्वतीचं सांगितलं तर हसला, उद्याच जाऊ म्हणतोय 😅