गुप्तहेर ००७ च्या भूमिकेत आपण कोणाला पाहिले असते? : खान्देशातील प्रेक्षकांचे अनुभव

जेम्स बाँडच्या मूळ चित्रपटमालिकेत १९६२ ते २०२१ या काळात केवळ सहा नटांनी ही भूमिका केली. ती थोडक्यात हुकलेल्या नटांची यादी मात्र बरीच मोठी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील प्रेक्षकांनी हे चित्रपट कोठे व कोणाबरोबर पाहिले आणि या भूमिकेत त्यांना कोण शोभला असता, हे कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे. आवडत्या नटाचे नुसते नाव न देता त्याच्या अंगी या भूमिकेला लागणारे नेमके काय होते, ते सांगावे.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

आमच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे होती आणि इंग्रजी चित्रपटांची गोडी मला त्यांच्या शेजारामुळे लागली. शॉन कॉनरी जन्मजातच बाँड होते, असे आज सर्रास म्हटले जाते. पण लेखक इयान फ्लेमिंग यांना सुरुवातीला ही निवड पसंत नव्हती. एडिंबरोत दूध पोहोचवण्याचे काम केलेल्या या धिप्पाड तरुणाला दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी आपल्या शिंप्याकडे नेले, उंची कपड्यांत वावरण्याची सवय लावली, आणि पुढे फ्लेमिंग यांचे मत इतके पालटले की त्यांनी आपल्या नायकाला स्कॉटिश वडील दिले. मला स्वतःला त्या काळात मायकल केन यांना ही संधी मिळालेली पाहायला आवडले असते. १९६५ मध्ये त्यांनी चष्मा लावणारा, स्वतः स्वयंपाक करणारा गुप्तहेर रंगवला. गर्दीत सहज मिसळून जाणारा माणूसच खरा हेर वाटतो, असे माझे ठाम मत आहे.

धुळे, शिक्षिका

मी टिमोथी डाल्टन यांची बाजू मांडू इच्छिते, कारण त्यांना न्याय मिळाला नाही, ही खंत मला आजही वाटते. त्यांचे चित्रपट आम्ही भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिले. रॉजर मूर यांच्या प्रसन्न, खेळकर बाँडची सवय झालेल्या माझ्या भावंडांना हा गंभीर माणूस रुचला नाही, मला मात्र तो पहिल्याच प्रसंगात पटला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना विचारणा झाली होती, तेव्हा आपण या भूमिकेसाठी फार लहान आहोत असे त्यांचेच मत होते. १९८६ मध्ये पिअर्स ब्रॉस्नन यांची निवड जवळपास पक्की झाली होती, परंतु दूरचित्रवाणी मालिकेच्या कराराने त्यांना अडवले आणि भूमिका डाल्टन यांच्याकडे आली. शेक्सपिअरच्या नाटकांत तयार झालेल्या या नटाने मूळ कादंबऱ्या बारकाईने वाचून माणूस मारण्याच्या कामाचा तिटकारा आलेला हेर उभा केला; पण १९८९ नंतर न्यायालयीन वादांमुळे मालिका सहा वर्षे थांबली आणि त्यांची कारकीर्द दोनच चित्रपटांत आटोपली. म्हणून ‘कोण शोभला असता’ या प्रश्नाला ‘कोणत्या वर्षी’ ही जोड दिल्याशिवाय उत्तर देता येत नाही, असे मला वाटते.

शिरपूर, शेतकरी

उदयपूरमध्ये चित्रित झालेला १९८३ चा बाँडपट आम्ही घरी सर्वांनी मिळून हिंदीत पाहिला. कबीर बेदी यांनी मुठीत फासे चुरडून त्यांची भुकटी केली, तेव्हा आमचे आबा म्हणाले, “हाऊ गडी त्यान्हापेक्षा उच्चा शे, मंग ह्यालेच हिरो काबरं नही कया?” आबांचा प्रश्न योग्यच होता. इटलीच्या दूरचित्रवाणीवर सांदोकान या नायकाच्या भूमिकेने १९७६ मध्येच बेदी युरोपात घराघरांत पोहोचले होते. उंची, भारदस्त आवाज आणि स्वच्छ इंग्रजी हे सर्व असूनही त्यांच्या वाट्याला खलनायकाचा अंगरक्षक आला, तर पन्नाशी ओलांडलेले मूर नायक राहिले.

जळगाव, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

माझी पसंती हेन्री कॅव्हिल यांना आहे. डॅनियल क्रेग निवडले गेले त्याच वेळी कॅव्हिल यांनीही चाचणी दिली होती आणि जेमतेम बाविशीचे असल्यामुळे ते मागे पडले. धुळ्याच्या बाईंचे म्हणणे येथे तंतोतंत लागू पडते.

अमळनेर, हौशी रंगकर्मी

आतापर्यंत उंचीची आणि वयाची चर्चा झाली, आवाजाची मात्र ओझरतीच झाली. पहिल्या चित्रपटात बाँड प्रथम दिसतो तो पत्त्यांच्या टेबलापाशी: आधी फक्त हात आणि पाठमोरे डोके, मग समोरच्या स्त्रीने नाव विचारल्यावर चेहरा आणि ते सावकाश उच्चारलेले नाव. तालमीत मी नवोदितांना हा प्रसंग आवर्जून सांगतो. शरीर जराही न हलवता केवळ विरामाच्या बळावर समोरच्यावर ताबा मिळवणे, ही या भूमिकेची खरी कसोटी आहे, आणि मराठी रंगभूमीवर ती विक्रम गोखले यांनी निर्विवाद पार केली असती. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या आपल्या वाचकांसाठी कोणी पूर्ण लांबीचा मराठी हेरपट काढला असता, तर पिस्तूल न उचलता, अर्धे वाक्य बोलून थांबणारा गोखल्यांचा हेर मी पहिल्या रांगेत बसून पाहिला असता.