बहीण खानापूरला, दावा सीमेपलीकडच्या कोर्टात: मुलांचा ताबा आणि कोर्ट बदलण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी लिहितोय. तिचं सासर महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, माहेर आमचं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. गेल्या दिवाळीपासून ती दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे आहे. मारहाण होत होती, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. थोरली नऊ वर्षांची, तिचं नाव गावातल्या मराठी शाळेत घातलंय. धाकटा साडेचार वर्षांचा, अंगणवाडीत जातो.

आता तिच्या नवऱ्यानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोर्टात दावा घातलाय. नोटिशीवर ‘हिंदू विवाह कायदा, कलम ९’ असं आहे, म्हणजे बायकोनं नांदायला यावं. तारीख पुढच्या महिन्यातली.

घरात प्रत्येकाचं वेगळंच. मामा म्हणतात तारखेला जायचंच नाही, पलीकडचं कोर्ट आपल्याला काय करणार. आत्या म्हणते धाकट्याला पाच पुरी झाली की मुलगा बापाकडेच जातो, कायदाच तसा आहे. सासरकडचे पंच शंभराच्या बाँडवर फारकत लिहून द्यायला तयार आहेत, पण पोटगी मागायची नाही आणि मुलगा त्यांना द्यायचा. वडील थकलेत. दमून एक दिवस सही होऊन जाईल, याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.

दावा बेळगावला आणता येतो का? आणला तर कागद कन्नडमध्ये येणार. बहिणीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आणि तो शाळेतूनच मुलांना उचलून सीमेवरच्या शिनोळीपलीकडे, महाराष्ट्रात घेऊन गेला, तर आम्ही कोणाकडे जायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

टिळकवाडीकर (बेळगावात वकिली करतो):

दादा, पहिल्यांदा बाँडचा विषय संपवा. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न पंचांच्या कागदानं मोडत नाही. फारकतीची रूढी त्या समाजात चालत आलीय हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध झालं तरच ती धरली जाते, आणि ते अवघड असतं. उद्या त्यानं किंवा तुमच्या बहिणीनं दुसरं लग्न केलं तर तोच कागद गळ्याशी येईल. मुलांच्या ताब्याचा फैसलाही पंच करू शकत नाहीत. दोघांना राजीखुशीनं वेगळं व्हायचं असेल तर कलम १३-ब आहे: वर्षभर वेगळं राहिल्यावर एकत्र अर्ज, मग सहा महिने थांबायचं. २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं.

मामांना सांगा, गैरहजर राहिलात तर दावा एकतर्फी लागेल. त्या हुकमानं तिला कोणी हाताला धरून नांदायला नेऊ शकत नाही. पण हुकमानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर तो घटस्फोट मागू शकतो. म्हणून वकीलपत्र दाखल करा आणि कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, मारहाण तारखांसकट लिहा. त्याच कोर्टात कलम २४ खाली हंगामी पोटगी आणि दाव्याचा खर्च मागा, त्यात येण्याजाण्याचं भाडंही धरा. व्हिडिओवरून हजर राहू द्यावं असाही अर्ज करता येतो.

दावा हलवण्याचं ऐकून राग येईल. एका राज्यातला दावा दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सुप्रीम कोर्टातच अर्ज करावा लागतो. कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाडच्या खंडपीठाला तो अधिकार नाही आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचलाही नाही. २००८ साली सुप्रीम कोर्टानंच ते स्पष्ट केलंय. चंदगडहून बेळगावला सकाळी निघून दुपारी परत येता येतं, पण दाव्याचा कागद यायचा तर दिल्लीवरून. सीमाभागातल्या बायकांवर हा सरळ अन्याय आहे. तरी लहान मुलं, स्वतःची कमाई नसणं आणि मारहाणीची भीती ही कारणं सुप्रीम कोर्ट अशा अर्जात गांभीर्यानं घेतं.

तोवर गप्प बसू नका. पोटगीचा अर्ज (जुनं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) ती राहते तिथे करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचा अर्जही इथेच चालतो. त्यात संरक्षण, पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकत्र मागता येतो, आणि तो हुकूम साऱ्या देशात लागू असतो. सीमेवरच्या माणसाला याहून उपयोगी कायदा मला माहीत नाही.

आत्यांचं म्हणणं अर्धंच खरं. पाचच्या आतलं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. पाच पुरी झाली की मूल बापाकडे द्या असं तो कुठेच म्हणत नाही. त्यापुढे मुलाचं हित बघतात. थोरलीला समज आलीय असं वाटलं तर न्यायाधीश तिचंही ऐकून घेतील. तिला पढवू मात्र नका. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात चालतो. त्यामुळे शाळेचा बोनाफाईड, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड हे सगळं आजच एका पिशवीत घाला.

कन्नडची धास्ती घेऊन कोर्ट ठरवू नका. तिची साक्ष वेगळ्या भाषेत उतरवली तर ती तिच्या भाषेत समजावून सांगावी लागते, तसा नियमच आहे. बेळगावात मराठी बोलणारे वकील पाहिजे तेवढे मिळतात. मात्र कन्नड कागद कोणीतरी वाचून दाखवल्याशिवाय तिनं सही करायची नाही.

उचगावची ताई:

भाऊ, वकिलाच्या फीला घाबरू नका. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बेळगाव कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. मी तिथूनच वकील घेतला होता. बहिणीला स्वतः बोलू द्या. माझ्या वेळी भाऊच सगळं सांगायचा आणि वहीत लिहिणाऱ्या बाई सारख्या माझ्याकडे बघायच्या. आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या सासरी राहिल्या असतील तर डॉक्टरांकडून परत मागून घ्या.

धागाकर्ता:

फार आभार. बाँड नाही म्हणून आज वडिलांनीच पंचांना कळवलं. सोमवारी बहिणीला घेऊन बेळगावला जातोय. हेडमास्तरांना नुसता अर्ज दिला तर चालेल का, की कोर्टाचाच कागद लागेल?

टिळकवाडीकर:

अर्ज उद्याच द्या आणि पोच घ्या. ‘आईला फोन केल्याशिवाय मुलीला कोणाबरोबर पाठवू नये’ एवढंच लिहा. पण बापही नैसर्गिक पालक आहे, त्यामुळे कोर्टाचा हुकूम नसेल तर शाळा त्याला फार वेळ अडवू शकणार नाही आणि पोलीसही कोर्टात जा म्हणतील. तात्पुरत्या ताब्याचा अर्ज सोमवारीच लिहून घ्या, पोटगीचं नंतर बघता येईल.