तिशी ओलांडलेल्या हॉकीपटूंना कोट्यवधींचे करार: पैसा वसूल की गळ्यात धोंड?

थंडगार ठाणेकर
१ जुलै उजाडला की एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगच्या, मॅनेजर लोकांच्या अंगात येतं. त्या दिवशी करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. बर्फावरच्या हॉकीत खेळाडू साधारण सत्ताविशीत किंवा सात हंगाम झाल्यावर मोकळा होतो, म्हणजे उमेदीची वर्षं जुन्या संघाला देऊनच तो बाजारात येतो. मग नवा संघ पैसे मोजतो ते कशाचे?

नॅशव्हिल बघा. २०२४ च्या १ जुलैला त्यांनी एका दिवसात तिघे उचलले. स्टीव्हन स्टॅमकोस, वय ३४, चार वर्षांचे ३ कोटी २० लाख डॉलर. जोनाथन मार्शसो, वय ३३, पाच वर्षं. ब्रेडी शे, वय ३०, तब्बल सात वर्षं. सगळीकडे वाहवा झाली. हंगाम सुरू झाला आणि पहिल्या पाचही मॅच हरले. आदल्या वर्षी ४० गोल मारणारा स्टॅमकोस २७ वर आला आणि संघ प्लेऑफमध्येही पोचला नाही. गेल्या वर्षीच्या पावसासाठी यंदा छत्री घ्यायची, असला हा व्यवहार. माझं मत स्पष्ट आहे: तिशीपुढच्याला लांबलचक करार देऊच नये.

गोलपोस्ट
एका संघाचं एक वर्ष बघून निकाल लावलात की राव! फ्लोरिडाचा गोलकीपर सर्गेई बॉब्रोव्स्की विसरलात? २०१९ मध्ये सात वर्षांचे ७ कोटी डॉलर, वय ३०. पहिली दोन वर्षं लोकांनी त्याला धू धू धुतलं. २०२१ च्या प्लेऑफमध्ये तर त्याला बसवून वीस वर्षांच्या स्पेन्सर नाइटला उभं केलं होतं. २०२३ च्या प्लेऑफची सुरुवातही त्याने बाकावरूनच केली. समोर विक्रमी ६५ विजय मिळवलेला बॉस्टन, मालिकेत ३-१ पिछाडी. तिथून फ्लोरिडा जिंकला, फायनलला गेला, मग २०२४ आणि २०२५ ला लागोपाठ स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. २०२१ मध्येच त्याला भंगारात काढला असता तर?

थंडगार ठाणेकर
गोलकीपरचं गणित वेगळं असतं हो. तो पस्तिशीतही टिकतो. पळणाऱ्यांचे पाय आधी जातात.

गोलपोस्ट
बरं, मग पळणारा घ्या. मारियन होसा, शिकागो, २००९, वय ३०, बारा वर्षांचे सुमारे ६ कोटी ३० लाख. तीन कप आले: २०१०, २०१३, २०१५. बचावात झ्डेनो चारा, बॉस्टन, २००६, पाच वर्षांचे ३ कोटी ७५ लाख, वय २९. त्याच्याच कप्तानीत २०११ चा कप आला. अजून देऊ?

आकडेमोड
होसाचं उदाहरण अर्धवट दिलंत. त्या करारात खरा पगार सुरुवातीच्या वर्षांत भरलेला होता आणि शेवटच्या वर्षांत नावापुरता. त्यामुळे वर्षाची सरासरी खाली आली आणि कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, तो स्वस्त पडला. ही पळवाट २०१३ च्या कामगार करारात बुजवली, बाहेरच्या खेळाडूला सात वर्षांपेक्षा लांब करार देता येईना. आज होसा त्या भावात मिळणार नाही.

कोथरूडची काकू
मुलगा टोरांटोत असतो म्हणून हे वाचते. हा कॅप म्हणजे आयपीएलच्या पर्ससारखाच ना?

आकडेमोड
काकू, साधारण तसंच. पण आयपीएलमध्ये खेळाडू पुढच्या लिलावात सोडून मोकळं होता येतं. इथे सात वर्षांचा शब्द दिला की दिला. बायआऊट करून काढलं तर उरलेल्या पगाराचे दोनतृतीयांश द्यायचे, तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. खेळाडू गेला तरी कॅपमधली जागा अडलेली राहते. मिनेसोटावाल्यांना विचारा.

सेंट पॉलचा सावंत
विचारायला कशाला हवं, आम्ही भोगलंय. जुलै २०१२ मध्ये झॅक पारिसे आणि रायन सूटर, एकाच दिवशी, प्रत्येकी १३ वर्षं आणि ९ कोटी ८० लाख डॉलर. दोघंही तेव्हा २७ चेच होते, म्हणजे म्हातारेही नव्हेत. पारिसे तर इथलाच पोरगा. गावभर दिवाळी! नऊ हंगामांत प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकलो, २०१४ आणि २०१५ ला. २०२१ मध्ये दोघांना बायआऊट केलं आणि पुढे खरी मजा. २०२३-२४ ला कॅप होती ८ कोटी ३५ लाख, त्यातले सुमारे १ कोटी ४७ लाख या दोघांच्या नावावर, आणि दोघंही संघात नाहीत! त्या ओझ्यापायी ८५ गुण (गोल आणि गोलाचे पास मिळून) केलेला केव्हिन फियाला लॉस एंजेलिसला द्यावा लागला.

गोलपोस्ट
त्याच सौद्यात ब्रॉक फेबर मिळाला ना तुम्हाला? तोही मिनेसोटाचाच.

सेंट पॉलचा सावंत
मिळाला, देवाची कृपा. मॅनेजरची हुशारी म्हणून ती जमा करू नका.

ब्रॅम्प्टनकर
टोरांटोचा टावारेसही घ्या. २०१८, सात वर्षांचे ७ कोटी ७० लाख. माणूस चांगला खेळला, त्याला नावं ठेवणार नाही. पण करोनामुळे कॅप गोठली आणि त्याचे वर्षाचे १ कोटी १० लाख जड होत गेले. सात वर्षांत दोन फेऱ्या जिंकल्या. नंतर तोच खेळाडू वर्षाला ४३ लाख ८० हजारांवर परत राहिला. हाच भाव आधी असता तर बचावात दोन माणसं आली असती.

आकडेमोड
हा कॅपचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. २०१९ मध्ये बॉब्रोव्स्कीचे १ कोटी म्हणजे कॅपचे १२ टक्के. २०२५-२६ ला कॅप ९ कोटी ५५ लाख झाली, तेच १ कोटी साडेदहा टक्क्यांवर आले. कॅप वाढत असेल तर लांब करार आपोआप स्वस्त होतो.
आणि गोलपोस्ट, तुमच्या यादीतला होसा कुठे गेला ते पाहा. शिकागोत टेव्स आणि केन हे बिनीचे खेळाडू आधीच होते. शेवटचा तुकडा विकत घेता येतो, पाया नाही. नॅशव्हिलने पायाच विकत घ्यायचा प्रयत्न केला.

गोलपोस्ट
आणि चारा? २००६ चा बॉस्टन प्लेऑफच्याही बाहेर होता. पायाच होता तो.

थंडगार ठाणेकर
चारा मान्य. पण एका चारापायी किती लुई एरिक्सन सोसायचे? व्हँकूव्हर, २०१६, वय ३०, सहा वर्षांचे ३ कोटी ६० लाख. पहिल्याच मॅचमध्ये आपला गोलकीपर बाहेर आलेला असताना याने मागे पास दिला, तो घसरत थेट आपल्याच रिकाम्या जाळ्यात. त्या हंगामात ११ गोल, आदल्या वर्षी बॉस्टनकडून ३०.

गोलपोस्ट
मग ब्रॅड मार्शंडचं काय म्हणता? २०२५ मध्ये फ्लोरिडाने ३७ व्या वर्षी सहा वर्षांचा करार दिला.

आकडेमोड
तो संपेल तेव्हा गडी ४३ चा असेल. पस्तिशीनंतरच्या करारात खेळाडू मध्येच निवृत्त झाला तरी कॅपचा बोजा सहसा संघावरच राहतो.

गोलपोस्ट
राहू दे की. कप आधीच घेऊन झालाय.