ग्रुपच्या प्रेशरला काही जण जास्त का झुकतात?

प्रश्न: सगळे उघड चुकीचं बोलत असले तरी काही जण माना डोलावतात, काही ठाम राहतात, हे समाजावर ठरतं का स्वभावावर?

रिप्लाय: समाजाचा वाटा आहेच. सोलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातल्या रेषांच्या प्रयोगात (कुठली रेष दिलेल्या रेषेएवढी आहे ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे) साधारण ७५ टक्के लोक एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेले, आणि १९९६ मध्ये १७ देशांतले असेच १३३ अभ्यास एकत्र तपासले तर जिथे समूहाला जास्त मान तिथे झुकणंही जास्त दिसलं.

रिप्लाय: पण समोर कोण आहे तेही बघा ना, आपल्याच गटातले असले की विरोध करणं फार जड जातं, परक्यांचं आपण एवढं मनावर घेत नाही.

प्रश्नकर्ता: मग मत चिठ्ठीवर घेतलं तर?

रिप्लाय: फरक पडतो, उत्तर लिहून द्यायचं असलं की अ‍ॅशच्या प्रयोगातही लोक कमी झुकले.