मदत हवी: डेस्कटॉपचा पंखा अर्धा फेरा मारून थांबतो, मदरबोर्ड खरंच गेलाय का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. जेकॉर्डची (विणतानाच उठणाऱ्या नक्षीची) डिझाइनं ज्या जुन्या डेस्कटॉपवर काढतो तो सुरूच होईना. लाइट गेली होती, येताना व्होल्टेज वरखाली झालं, तेव्हापासून हे चाललंय.

मेन स्विच लावला की मदरबोर्डावरचा हिरवा दिवा लागतो, म्हणजे स्टँडबायचे (कॉम्प्युटर बंद असतानाही मिळणारे) ५ व्होल्ट येतायत. बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. बीप नाही, डिस्प्ले नाही. लगेच परत दाबलं तर काहीच हालत नाही. मेन बंद करून थोडं थांबलं की पुन्हा तोच अर्धा फेरा.

रॅम पुसून बसवली, बोर्डावरचा सेल बदलला, बटणाची वायर काढून दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं टेकवल्या, फरक नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सुटा करून २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर एकमेकींना जोडली तर तो नीट चालतो. दुसरा एसएमपीएस लावला तरी रड तीच.

पण प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा १२ व्होल्टचा प्लग काढून बटण दाबलं, तर पंखा फिरतच राहतो! मग सगळं बंद करून त्या सॉकेटच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पिनांवर मल्टिमीटर लावला, बझर वाजला, म्हणजे तिथे शॉर्ट आहे. प्रोसेसर काढला तरी वाजतोच. म्हणून मला प्रोसेसरच्या सप्लायमधल्या मॉसफेटचा (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या पार्टचा) संशय आहे. कपॅसिटर फुगलेले दिसत नाहीत.

दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवीन सेट घ्या. घेतलाही असता, हार्डडिस्क शाबूत आहे, दुसरीकडे लावून पाहिली. पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली) पॅरलल पोर्टचं, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटचं आहे आणि नव्या बोर्डांना तो पोर्ट सहसा येत नाही. ते सॉफ्टवेअर बंद पडलं तर गिऱ्हाइकांच्या जुन्या किनारींत साधा रंगही बदलता येणार नाही.

जाणकारांनी सांगा:

मॉसफेट एकेक काढून तपासायचे, की आधी तिथले सिरॅमिक कपॅसिटर बघायचे?

शॉर्ट होताना प्रोसेसरवर १२ व्होल्ट गेले असतील का? दुरुस्त बोर्डावर तोच लावणं सुरक्षित आहे का?

पॅरलल पोर्टचं कार्ड टाकून असं डोंगल कुणी चालवलंय का?

आणि सोलापुरात बोर्डाचे सुटे पार्ट बदलून देणारं कुणी खात्रीचं असेल तर जरूर कळवा. घाई आहे, लग्नसराईची ऑर्डर अडकलीय.